यॉर्कशरला कॅरॅव्हॅन घेतली, त्याची कागदोपत्री हकिकत

हे लिहायचं कारण एवढंच, की आम्हाला विचारायला कोणी सापडलं नाही. परदेशात फ्लॅट घेतलेली माणसं ओळखीत आहेत. पण भारतात राहणाऱ्या, पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याने इंग्लंडात उन्हाळ्यापुरती राहायला स्टॅटिक कॅरॅव्हॅन घेतली, असं उदाहरण ना नाशकात मिळालं, ना लीड्सच्या मराठी मंडळींत. मी महावितरणच्या लेखा विभागातून निवृत्त झाले, हे पाटबंधारे खात्यातून. कागदाला दोघंही भीत नाही. तरी मधे एकदा रात्री दोन वाजता उठून मी ह्यांना म्हटलं होतं, "राहू दे हो, हे आपलं काम नाही."

आधी वस्तू काय ते सांगते. स्टॅटिक कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे ओढायची ती नव्हे. आमची पस्तीस फूट लांब, बारा फूट रुंद आहे. दोन बेडरूम, बैठकीची खोली, ओटा, शॉवर, गॅसची शेगडी, सगळं आत. खाली चाकं असतात, पण ती जागच्या जागी सरकवण्यापुरती. येते ती ट्रेलरवर चढून. ती उभी राहते हॉलिडे पार्कच्या जमिनीवर. डबा तुमचा, जमीन पार्कची. जमिनीचं वर्षाचं भाडं म्हणजे साइट फी. आणि पार्क बारा महिने उघडं नसतं. आमचं १ मार्चला उघडतं आणि जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतं. तिथली कॅरॅव्हॅन हे कुणाचंही कायमचं घर असता कामा नये, ही अट तिथे फार कडक असते.

लेक लीड्सला असते. दोन बेडरूमचं घर, जावई, नात, आणि त्यात आम्ही दोघं चार-चार महिने. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. कोणी काही बोललं नाही, पण सकाळी बाथरूमची रांग आणि रात्री टीव्हीचा आवाज यावरून सगळ्यांना सगळं कळत होतं. जून २०२४ मध्ये सगळ्यांनी मिळून ब्रिडलिंग्टनजवळ एक आठवडा कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली. आठवड्याचे सहाशे पौंड. परतताना हे गाडीत कागदावर आकडे मांडत बसले होते, तेव्हाच मला पुढचं कळलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये शोधायला लागलो. हल आणि बेव्हर्लीच्या आसपास कॅरॅव्हॅनचे मोठे कारखाने आहेत आणि पूर्व यॉर्कशरच्या किनाऱ्यावर पार्कांना तोटा नाही. ब्रिडलिंग्टनच्या दक्षिणेला एका पार्कात समुद्रासमोरची पहिली रांग आम्हाला आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त मिळत होती. विक्रीवाला मुलगा गोड बोलत होता. हे त्याच्याकडे लक्ष न देता कुंपणापाशी गेले, कड्याच्या मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं आणि मला म्हणाले, "ही चिकणमाती आहे, त्यात गोटे. धरणाच्या भरावाला चांगली, समुद्राला तोंड द्यायला नाही."

ब्रिडलिंग्टनपासून खाली स्पर्नपर्यंतचा होल्डरनेसचा किनारा हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आहे. युरोपातल्या सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांत त्याची गणना होते; सरासरी वर्षाला दोनेक मीटर जमीन समुद्रात जाते, काही ठिकाणी एका वादळात त्याहून जास्त. मी त्या मुलाला विचारलं, कडा कॅरॅव्हॅनपर्यंत आला तर काय? तो म्हणाला, मागच्या रांगेत हलवतो, जागा असेल तर. हलवण्याचा खर्च कोणाचा, ते लेखी द्या म्हटल्यावर त्याने विषय बदलला. या पट्ट्यात घेणार असाल तर कड्यापासूनचं अंतर पावलांनी मोजा आणि ईस्ट रायडिंग कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, किनाऱ्याच्या झिजेच्या नोंदी असतात, त्या बघा.

मग आम्ही उत्तरेला सरकलो. फ्लॅम्बरोच्या बाजूला खडूचा खडक आहे, तो टिकतो. तिथलं आमचं पार्क समुद्रापासून आत आहे, खिडकीतून समुद्र दिसत नाही, शेत दिसतं. म्हणून किंमतही आवाक्यात होती: २०१२ची कॅरॅव्हॅन, सतरा हजार पौंड.

जुनी कॅरॅव्हॅन बघताना सजावट बघू नये. पडदे, उशा, नकली फुलं यांनी फसायला होतं. आम्ही कोपऱ्यांत गुडघे टेकून बसलो. खिडकीखालची पट्टी अंगठ्याने दाबायची. आत गेली तर पाणी मुरतंय. शॉवरच्या दाराशी पाय रोवून उभं राहायचं. जमीन लवली तर खालचं लाकूड कुजलंय. एका कॅरॅव्हॅनमध्ये माझा अंगठा पट्टीत पेरापर्यंत गेला. पलंगाची गादी उचलून खाली बुरशी बघायची. जावयाने ओल मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं, वीस-पंचवीस पौंडांना मिळतं, ते भिंतीला टेकवून सगळीकडे फिरलो. विक्रीवाल्यांना यात काही गैर वाटत नाही.

पाचशे पौंड विसार दिला, "करार मंजूर न झाल्यास परत" असं ईमेलवर लिहून घेतलं आणि सप्टेंबरात नाशिकला आलो.

करार ईमेलने आला. त्याला लायसन्स ॲग्रीमेंट म्हणतात आणि तो नीट वाचला नाही तर पुढे पस्तावायची पाळी येते. इंग्लंडात कायमच्या राहण्याच्या पार्कांना १९८३चा मोबाइल होम्स ॲक्ट लागू होतो, त्यात रहिवाशाला बरंच संरक्षण आहे. सुटीच्या पार्कांना तो लागू नाही. तिथे तुमचे हक्क म्हणजे त्या करारात जे छापलं आहे तेच. आमच्या करारात ठळक गोष्टी अशा होत्या: कॅरॅव्हॅन वीस वर्षांची होईपर्यंतच पार्कात ठेवता येईल, म्हणजे २०३२पर्यंत. विकायची झाली तर पार्कला १५ टक्के कमिशन. साइट फी दरवर्षी वाढू शकते. दुसऱ्याला भाड्याने द्यायची तर पार्कच्या परवानगीने. आणि आमच्यापैकी एकाचं काही झालं तर करार दुसऱ्याच्या नावावर राहील का, याबद्दल एक अवाक्षर नव्हतं. हे शेवटचं आम्ही मागून घातलं.

इथे मराठी माणसाच्या डोक्यात एक किडा असतो: जागा घेतली की ती वाढते. ही वाढत नाही, दरवर्षी उतरते आणि एक दिवस भंगारात जाते. मी सरळ सतरा हजारांना सातने भागलं आणि त्यात वार्षिक खर्च मिळवला. जो आकडा आला तो आमच्या चार-साडेचार महिन्यांच्या मुक्कामाचं भाडं, असं धरलं. तेवढं परवडत होतं. गुंतवणूक म्हणून कोणी विचारलं, तर मी नको म्हणेन.

त्या काळात कौन्सिलकडूनही एक गोष्ट तपासून घेतली. पार्कला १९६०च्या कायद्याखाली कौन्सिलचा साइट लायसन्स लागतो आणि किती महिने उघडं ठेवायचं, हे परवानगीतच ठरलेलं असतं. लेकीने कौन्सिलला ईमेल केला, दोनेक आठवड्यांत उत्तर आलं. पार्कने सांगितलेल्या तारखा जुळल्या.

जानेवारी २०२५. पार्कने "मुख्य घराचा पुरावा" मागितला. तिथले लोक कौन्सिल टॅक्सचं बिल देतात. आम्ही नाशिक महानगरपालिकेची घरपट्टीची पावती आणि लाइट बिल पाठवलं. पावती मराठीत, त्यामुळे इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून मागितलं. भाषांतर आणि नोटरी मिळून बाराशे रुपये. तिथल्या ऑफिसातल्या बाई भल्या होत्या, पण त्यांच्या संगणकात पोस्टकोड सहा आकडी बसेना, म्हणून आठवडाभर आमची फाइल "अपूर्ण" दाखवत राहिली. शेवटी पत्रव्यवहाराला लेकीचा पत्ता आणि मुख्य घराला आमचा, असं ठरलं. घरपट्टी दरवर्षी पाठवावी लागणार आहे, त्यामुळे ती वेळेवर भरा.

पैशाचा भाग जरा सविस्तर सांगते, कारण खरी अडचण तिथेच येते.

भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आमची रक्कम त्याच्या जवळपासही नव्हती. प्रश्न होता टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा. तेव्हा वर्षाला सात लाखांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जात असे. तो विवरणपत्रात वजा मिळतो किंवा परत येतो, पण तोवर पैसे अडकतात. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख केली. पौंड तेव्हा ११३ रुपयांच्या आसपास होता. सतरा हजार पौंडांचे साधारण १९ लाख २० हजार होत होते. दोघांनी आपापल्या खात्यातून निम्मे निम्मे पाठवले तर प्रत्येकी दहा लाखांच्या आत. मी पार्कला एप्रिलपर्यंत थांबायची विनंती केली. ते थांबले, पण साइट फी मार्चपासूनचीच धरली. बदल्यात गॅसची एक भरलेली बाटली आणि दाराच्या नव्या पायऱ्या मिळाल्या.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नवरा-बायकोने एकाच मालमत्तेसाठी पैसे पाठवायचे, तर दोघांची नावं मालक म्हणून हवीत. म्हणून करार आणि बिल दोघांच्या नावे करून घेतलं. आणि ज्या खात्यातून पाठवायचे ते बँकेत निदान वर्षभर जुनं हवं. कर्ज काढून हे करता येत नाही. आम्ही एफडी मोडल्या.

१ एप्रिलला बँक हिशेबासाठी बंद. ३ तारखेला गेलो. शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने ए-टू फॉर्म पुढे ठेवला आणि विचारलं, "मॅडम, घर घेताय की गाडी?" प्रश्न रास्त होता. फॉर्मवर कारणाचा कोड टाकावा लागतो. इंग्लंडच्या दृष्टीने कॅरॅव्हॅन ही स्थावर मालमत्ता नाही, त्यामुळे तिच्यावर घरासारखी स्टँप ड्यूटीही नाही. पण मग ती काय, हे आमच्या शाखेत कोणालाच ठरवता येईना. तिथून परकीय चलनाच्या शाखेकडे पाठवलं. तिथल्या अधिकारी बाईंनी करार, बिल, कॅरॅव्हॅनचा फोटो, सगळं मागून घेतलं, वरच्या ऑफिसला विचारलं आणि त्यांनी सांगितलेला कोड टाकला. माझा सल्ला: कोड आपण सुचवू नका, बँकेलाच ठरवू द्या, पण त्यांनी काय टाकलं त्याची प्रत जपून ठेवा. पुढे सीए तेच विचारतो.

९ एप्रिलला पैसे निघाले. चलन बदलण्यावरचा जीएसटी प्रत्येकी साडेनऊशेच्या आसपास, शिवाय बँकेचे चार्जेस. फॉर्मवर चार्जेस कोणाकडे, असा रकाना असतो. तिथे "ओयूआर", म्हणजे सगळे चार्जेस आपल्याकडे, हे निवडा. नाहीतर मधली बँक आपले पैसे कापून घेते आणि समोर पंधरा-वीस पौंड कमी पोचतात. तेवढ्यासाठी पुन्हा सगळा सोहळा करावा लागतो. माझे पैसे ११ तारखेला पोचले. ह्यांचे मधल्या बँकेने "खुलासा हवा" म्हणून रोखले. इकडे १४ला आंबेडकर जयंती, १८ला गुड फ्रायडे, तिकडे २१ला ईस्टर मंडे. रोज सकाळी हे फोन उघडायचे आणि चहा न पिता परत ठेवायचे. २३ तारखेला पार्कचा ईमेल आला, पूर्ण रक्कम जमा.

व्हिसा आमच्याकडे आधीचाच होता, पाच वर्षांचा व्हिजिटर व्हिसा. त्यावर एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही आणि वारंवार येऊन तिथेच बस्तान बसवणंही चालत नाही. कॅरॅव्हॅन घेतल्याने राहण्याचा कोणताही जास्तीचा हक्क मिळत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. मेमध्ये मँचेस्टरला उतरलो तेव्हा अधिकाऱ्याने कुठे राहणार विचारलं. लपवायचं काही नव्हतं, कागद दाखवले. परत कधी? मी परतीचं तिकीट दाखवलं आणि सांगितलं, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो हसला की नाही ते आठवत नाही, शिक्का मात्र बसला.

१५ मेला ताबा. बिलावरचा नंबर आणि कॅरॅव्हॅनच्या चासीवर कोरलेला नंबर जुळवून बघा. या वस्तूला सातबारा नसतो, मालकीचा पुरावा म्हणजे ते बिल आणि तो नंबर. तिच्यावर आधीच्या मालकाचं कर्ज बाकी नाही, हे बिलावर लिहून घेतलं. गॅसचं सुरक्षा प्रमाणपत्र, विजेची तपासणी, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, सगळं चालू करून बघितलं. विमा पार्कला सक्तीचा. दोन विमा कंपन्यांनी मालक भारतात राहतात म्हणून नकार दिला, तिसरीने लेकीचा पत्ता संपर्काला घेऊन दिला, वर्षाला दोनशे दहा पौंड.

पहिल्याच संध्याकाळी वरणाला फोडणी घातली आणि अलार्म कोकलला. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले आजोबा चपला न घालता धावत आले. मोहरी तडतडली की खिडकी उघडी आणि पंखा चालू, ही शिस्त नंतर लागली. कुकरच्या शिट्टीवर मात्र अख्ख्या रांगेने मनापासून चौकशी केली. त्या आजोबांनी मला गॅसच्या बाटल्या कशा बदलायच्या ते शिकवलं. सत्तेचाळीस किलोची बाटली, साधारण शंभर पौंडांना. मेमध्ये थंडी इतकी, की पहिली बाटली तीन आठवड्यांत संपली. भिंती पातळ असतात. जुलैत तीच बाटली संपता संपेना. मे महिन्यात जाणार असाल तर लोकरीचे मोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन जा.

नात सुटीत आली. बेम्प्टनच्या कड्यांवर पफिन बघायला नेलं. जुलै संपता संपता ते समुद्रात निघून जातात, म्हणून उशीर करू नका. ब्रिडलिंग्टनच्या बंदरात शेवंडांचा मोठा धंदा चालतो. ह्यांनी एकदा आणली, मालवणी वाटण घालून केली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, शाकाहारी मैत्रिणी वाचतात.

लीड्सहून गाडीने दोन तासांच्या आत पोचता येतं, रेल्वेने हल शहरात गाडी बदलून. म्हणजे लेक शनिवारी येते, रविवारी जाते आणि दोन्हीकडे सगळ्यांना मोकळं वाटतं.

पहिल्या वर्षीचा, म्हणजे २०२५चा खर्च, किंमत सोडून: साइट फी व्हॅटसह ४,२५० पौंड, विमा २१०, गॅस आणि वीज मिळून साडेपाचशेच्या आसपास, पाणी आणि कौन्सिलच्या करातला वाटा दोनशेच्या आत, गॅस तपासणी ९०. साइट फीचे मासिक हप्ते हवे असतील तर तिथल्या बँकेचं खातं लागतं. आम्हाला ते मिळालं नाही, म्हणून वर्षाची रक्कम एकदम भरली. टीसीएसची दहा लाखांची मर्यादा सगळ्या परदेशी रकमांना मिळून आहे, त्यामुळे साइट फीही त्यातच मोजा. आमच्या दोघांच्या मर्यादेत थोडीच जागा उरली होती, म्हणून साइट फीही निम्मी निम्मी पाठवली. तरी दोघांच्याही निम्म्यातले बरेचसे वर गेले, त्यावर टीसीएस कापला गेला. तो २६ एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतोय.

तब्येतीचं सांगायलाच हवं. आमच्यासारख्या पाहुण्यांना तिथे अपघात विभागात तातडीचे उपचार मोफत मिळतात, पण दाखल करून घेतलं तर बिल येतं, आणि ते एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दराच्या दीडपट. साठीनंतरचा प्रवास विमा महाग पडतो आणि आधीचे आजार लपवले तर कामाला येत नाही. माझं बीपी आणि ह्यांची साखर दोन्ही लिहून दिलं, हप्ता वाढला, तो भरला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी काढून घेतलं. नळांत पाणी राहिलं तर हिवाळ्यात गोठून पाइप फुटतात आणि पाणी काढल्याची पावती नसेल तर विमा कंपनी भरपाई देत नाही. पार्कचा माणूस हवेच्या पंपाने नळ्या कोरड्या करतो, ९५ पौंड. गाद्या भिंतीपासून सुट्या उभ्या केल्या, फ्रिजचं दार उघडं ठेवलं, कपाटांत ओल शोषणारे खड्यांचे डबे ठेवले. मसाले सगळे लेकीकडे.

आता बाकी आहे ते विवरणपत्र. परदेशात मालमत्ता असली की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरून शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या भागात, ती दाखवावी लागते, उत्पन्न शून्य असलं तरी. आणि तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं धरतात, आपलं एप्रिल-मार्च नाही. न दाखवल्यास २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. छोट्या जंगम मालमत्तेला त्यातून आता सूट मिळाली आहे, पण त्या सुटीच्या भरवशावर राहू नये असं आमच्या सीएंचं मत आहे. त्यांनी कॅरॅव्हॅन स्थावरच्या तक्त्यात न घालता इतर मालमत्तेच्या तक्त्यात घालायचं ठरवलं आहे, आणि बँकेच्या कोडची प्रत, बिल, करार, दोघांच्या पैसे पाठवल्याच्या पावत्या अशी फाइल मागवली आहे. ती उद्या नेऊन देते. पुढच्या वर्षाच्या साइट फीचं पत्रही आलंय, सहा टक्के वाढ. तीही घासाघीस करून बघणार आहे, निदान एक गॅसची बाटली तरी.